‘सी’ सिग्निफिकंट आला नाही, मग मेडिएशन गेलं का? अडकलेलं विश्लेषण कुठे कुठे तपासायचं

मानसशास्त्राच्या प्रबंधात मेडिएशन, म्हणजे एका चलाचा परिणाम मधल्या चलामार्फत दुसऱ्यावर होतो का याची तपासणी, घेतलं की अडायची जागा जवळपास ठरलेली असते. डेटा गोळा झालेला असतो, पहिलं रिग्रेशन चालवलं जातं आणि स्वतंत्र चल ते परतंत्र चल हा साधा संबंधच (यालाच ‘सी’ म्हणतात) सिग्निफिकंट, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा, येत नाही. गाइड म्हणतात, “मुळात परिणामच नाही, तर मध्यस्थी कसली? अभ्युपगम फेटाळला असं लिहून टाका.” विद्यार्थी कुठून तरी प्रोसेस मॅक्रो (एसपीएसएस या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये मध्यस्थी तपासणारं तयार साधन) मिळवतो आणि चालवतो, तर तिथे अप्रत्यक्ष परिणाम सिग्निफिकंट! आता चौथ्या प्रकरणात लिहायचं काय, आणि व्हायवाला विचारलं तर सांगायचं काय?

उत्तर आधीच देते. अप्रत्यक्ष परिणाम आहे की नाही याचा निकाल अप्रत्यक्ष परिणामाच्याच आकड्यावर लावायचा, एकूण परिणामाच्या पी-व्हॅल्यूवर नाही. मात्र तो आकडा तुम्ही नीट काढला आहे का, हे त्याआधी तपासावं लागतं. आणि तो नीट निघाला तरी त्यातून ‘यामुळे हे घडतं’ असं म्हणता येतं का, हा प्रश्न निराळाच आहे, कोणतंही सॉफ्टवेअर तो सोडवून देत नाही.

सगळं एकाच उदाहरणावर बोलू. समजा, कॉलेजातल्या मुलांमध्ये ताण वाढला की मनात तेच तेच विचार घोळत राहतात आणि त्यामुळे झोप बिघडते, असं तुमचं म्हणणं आहे. ताणासाठी पीएसएस-१० ही मापनी, विचार घोळण्यासाठी रुमिनेशनची मापनी आणि झोपेसाठी पीएसक्यूआय. ताण म्हणजे एक्स, रुमिनेशन म्हणजे एम, झोप म्हणजे वाय. एक्सकडून एमकडे जाणारा ‘ए’, एक्स नियंत्रित ठेवून एमकडून वायकडे जाणारा ‘बी’, एम मॉडेलमध्ये नसताना एक्स ते वाय हा एकूण परिणाम ‘सी’ आणि एम घातल्यावर उरणारा थेट परिणाम ‘सी प्राइम’. पुढे येणारे गुणांक हिशोब कळावा म्हणून घेतलेले आहेत, कोणत्याही अभ्यासातले नाहीत.

सगळ्यात आधी एक बेरीज करा

साध्या रिग्रेशनमध्ये एक समीकरण तंतोतंत जुळायलाच हवं: सी = सी प्राइम + (ए × बी). ए ०.४०, बी ०.३० असेल तर गुणाकार ०.१२. सी प्राइम ०.१३ असेल तर सी ०.२५ यायला हवा. दशांशाच्या शेवटच्या स्थळी एखादा अंक इकडेतिकडे झाला तर ठीक, पण ०.२५च्या जागी ०.३१ आला असेल तर पुढचं काहीही वाचू नका. विश्लेषणात गोंधळ आहे.

बहुतेक वेळा हा गोंधळ नमुन्याच्या संख्येचा असतो. काही मुलांनी रुमिनेशनची शेवटची पानं कोरी सोडलेली असतात. तुम्ही तीन रिग्रेशन वेगवेगळी चालवता, तेव्हा ताण ते झोप या पहिल्या रिग्रेशनमध्ये ती मुलं धरली जातात आणि एम आला की गळतात. म्हणजे सी एका गटाचा, बाकीचे गुणांक दुसऱ्या गटाचे. प्रत्येक आउटपुटमधला एन (नमुन्याची संख्या) शेजारी शेजारी लिहून बघा, लगेच लक्षात येतं. प्रोसेस हे आपोआप सांभाळतो, कारण तो मॉडेलमधल्या कोणत्याही चलात किंमत नसलेली ओळ सगळीकडूनच वगळतो. पण त्यातून दुसरा त्रास उद्भवतो: २१२ मुलांचा डेटा आणि आउटपुटमध्ये १८७. ही गळती प्रबंधात सांगायची असते, लपवायची नसते. गळालेली मुलं बरीच असतील तर आर या सॉफ्टवेअरमधल्या लावान पॅकेजमध्ये फुल इन्फर्मेशन मॅक्सिमम लाइकलिहुडने (अर्धवट उत्तरं दिलेल्यांचीही हाती असलेली माहिती वापरणाऱ्या रीतीने) मॉडेल चालवणं बरं.

आणखी एक कारण असतं. वाय ‘हो/नाही’ स्वरूपाचा असेल, म्हणजे पीएसक्यूआयचा आकडा ५च्या वर गेला की ‘झोप खराब’ असं तुम्ही करून टाकलं असेल, तर लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये ही बेरीज जुळत नाहीच. तिथे दोन मॉडेलांची मोजपट्टीच बदलते. खरं तर ० ते २१ एवढा चांगला पल्ला हातात असताना त्याचे दोन तुकडे करायची गरजच नव्हती. मूळ आकडा वापरा.

प्रोसेसच्या आउटपुटमध्ये सी सापडत नाही, ही तक्रारही नेहमीची. एकूण परिणामाचं मॉडेल मागितल्याशिवाय छापलं जात नाही. ऑप्शन्समध्ये त्याची खूण करावी लागते.

मुख्य अडचण: सी सिग्निफिकंट नाही

‘आधी सी सिग्निफिकंट हवा’ ही अट कुठून आली, ते गाइडना सांगता आलं तर निम्मा वाद मिटतो. रूबेन बॅरन आणि डेव्हिड केनी यांनी १९८६ मध्ये जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजीमध्ये मध्यस्थ आणि नियामक चलांमधला फरक मांडला. त्या लेखातून चार पायऱ्यांची रीत रूढ झाली: सी सिग्निफिकंट, ए सिग्निफिकंट, बी सिग्निफिकंट आणि मग सी प्राइम सीपेक्षा कमी. मानसशास्त्रातल्या सर्वाधिक उद्धृत लेखांपैकी तो एक. कित्येक विद्यापीठांत संशोधनपद्धतीच्या नोट्समध्ये आजही तेवढंच आहे, त्यामुळे गाइडचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण पहिली पायरी आता आवश्यक मानली जात नाही. याची कारणं दोन आहेत आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण म्हणजे दोन वाटा एकमेकींना खोडू शकतात. मॅकफॅटर यांनी १९७९ मध्ये दिलेलं कारखान्यातल्या कामगारांचं काल्पनिक उदाहरण यासाठी नेहमी वापरतात. हुशार कामगार चुका कमी करतो, ही थेट वाट. पण हुशार कामगाराला तेच तेच काम करून कंटाळाही जास्त येतो आणि कंटाळ्यामुळे चुका वाढतात, ही अप्रत्यक्ष वाट. एक उणे, एक अधिक. दोन्ही सारख्या जोराच्या असतील तर बेरीज शून्य, म्हणजे हुशारी आणि चुका यांचा काही संबंधच नाही असं दिसेल. बॅरन-केनींच्या पहिल्या पायरीवर हा अभ्यास बाद, आणि आत तर दोन-दोन गोष्टी घडत आहेत. आपल्या उदाहरणातही असं होऊ शकतं: ताणामुळे विचार घोळतात आणि झोप बिघडते, पण परीक्षेच्या ताणात दिवसभर राबलेली मुलं अंथरुणाला पाठ टेकताच झोपीही जातात. तुमच्या निकालात ए × बी आणि सी प्राइम यांची चिन्हं विरुद्ध असतील तर हेच घडतंय. झाओ, लिंच आणि चेन यांनी २०१० मध्ये या प्रकाराला स्पर्धी मध्यस्थी असं वेगळं नाव दिलं आहे.

दुसरं कारण चाचणीच्या ताकदीचं, म्हणजे खरा परिणाम असेल तर तो पकडण्याच्या शक्यतेचं, आहे आणि ते फारसं कुणी सांगत नाही. चिन्हं विरुद्ध नसतानाही, त्याच डेटामध्ये ए × बीची चाचणी सीच्या चाचणीपेक्षा ताकदवान असू शकते. केनी आणि जड यांनी २०१४ मध्ये हे दाखवून दिलं. म्हणजे ज्यांच्या नावावर पहिली पायरी खपते, त्यांच्यापैकीच एकाने नंतर ती का अडवते हे लिहिलं. गाइडना दाखवायला यापेक्षा चांगला कागद नाही.

पहिल्या पायरीची किंमत किती, तर फ्रिट्झ आणि मॅकिनन यांचा २००७ चा तक्ता बघा. ए आणि बी दोन्ही लहान (प्रमाणित गुणांक ०.१४) आणि थेट परिणाम शून्य अशी स्थिती असेल, तर ८० टक्के ताकद मिळवायला बॅरन-केनींच्या रीतीने २०,८८६ जणांचा नमुना लागतो. पर्सेंटाइल बूटस्ट्रॅपला (हातातल्याच डेटामधून पुन्हा पुन्हा नमुने उचलून निकाल काढण्याच्या रीतीला) त्याच स्थितीत ५५८ पुरतात. वीस हजार मुलांकडून पीएसक्यूआय भरून घेणारा एम.ए.चा विद्यार्थी मला अजून भेटायचाय.

प्रबंधात काय लिहायचं? साधारण असं: “ताणाचा झोपेवरील एकूण परिणाम सांख्यिकीयदृष्ट्या सिग्निफिकंट आढळला नाही. तथापि, रुमिनेशनमार्फत होणाऱ्या अप्रत्यक्ष परिणामाचा ९५ टक्के बूटस्ट्रॅप विश्वास-अंतराळ शून्याला वगळतो.” (विश्वास-अंतराळ म्हणजे खरा आकडा ज्या पल्ल्यात असावा असा अंदाज आहे तो पल्ला.) दोन्ही वाक्यं हवीत. पहिलं गाळून फक्त दुसरं लिहिणं म्हणजे अर्धं सांगणं.

एक ताकीदही देते. सी शून्याजवळ आल्यावर ‘कुठला तरी मध्यस्थ निघेल’ म्हणून फाइलीतले सात-आठ चल एकेक करून एमच्या जागी घालून बघणं, हा या मोकळिकीचा उपयोग नव्हे. मध्यस्थ सिनॉप्सिसमध्ये आधीच नोंदवलेला असेल तरच वरचा युक्तिवाद टिकतो.

सोबेल ‘नाही’ म्हणतो, बूटस्ट्रॅप ‘हो’ म्हणतो

सोबेल ही अप्रत्यक्ष परिणामाची जुनी चाचणी. तिच्या इंटरनेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये आकडे टाकले की पी ०.०५च्या वर, आणि प्रोसेसमध्ये शून्य वगळलेलं. कोणावर विश्वास ठेवायचा? एकदा हाताने गणित करून बघा, मग हा प्रश्न पडणार नाही.

ए ०.४०, त्याची प्रमाणित त्रुटी ०.१६. बी ०.३०, त्याची ०.१२. दोन्हींचं झेड (गुणांक भागिले त्रुटी) २.५, म्हणजे पी साधारण ०.०१२. दोन्ही वाटा स्वतंत्रपणे चांगल्याच सिग्निफिकंट. आता सोबेलचं १९८२ चं सूत्र: गुणाकाराची प्रमाणित त्रुटी म्हणजे बीचा वर्ग गुणिले एच्या त्रुटीचा वर्ग, अधिक एचा वर्ग गुणिले बीच्या त्रुटीचा वर्ग, या बेरजेचं वर्गमूळ. ०.०९ × ०.०२५६ म्हणजे ०.००२३०४. ०.१६ × ०.०१४४ म्हणजेही ०.००२३०४. बेरीज ०.००४६०८, वर्गमूळ ०.०६७९. झेड = ०.१२ ÷ ०.०६७९ = १.७७. पी ०.०७७. सोबेलच्या लेखी मेडिएशन नाही!

वेगळ्या बाजूने विचारा: खरा गुणाकार शून्याखाली असण्याइतका ढळायला काय व्हावं लागेल? ए आणि बीपैकी नेमका एकच उणे व्हावा लागेल. झेड २.५ असताना एखादा गुणांक उणे बाजूला जाण्याची शक्यता ०.६२ टक्के. दोघांची मिळून साधारण १.२ टक्के. ९५ टक्के अंतराळाच्या खालच्या टोकाला आपण २.५ टक्के सोडतो आणि १.२ तर त्यापेक्षाही कमी आहे, म्हणजे खालची सीमा शून्याच्या वरच राहणार. सोबेल चुकतो तो इथे: दोन संख्यांच्या गुणाकाराचं वितरण एका बाजूला लांब शेपूट असलेलं असतं आणि सोबेल ते सममित घंटाकार धरतो. त्यामुळे खालची सीमा नको तेवढी खाली जाते. नमुना फार मोठा असेल तर फरक पडत नाही, पण दीडशे-दोनशेच्या नमुन्यात पडतो.

म्हणून बूटस्ट्रॅप. तोही कुठला, ते बघा. प्रोसेसच्या दुसऱ्या आवृत्तीत बायस-करेक्टेड अंतराळ डिफॉल्ट होता, पुढच्या आवृत्तीत पर्सेंटाइल आला. कॉलेजच्या लॅबमध्ये जुनी आवृत्ती, घरी नवी, आणि दोन्हीकडच्या सीमा जुळत नाहीत, याचं कारण बऱ्याचदा हेच. बायस-करेक्टेड अंतराळ नसलेला परिणाम ‘आहे’ म्हणायला थोडा जास्तच उतावीळ असतो, असं फ्रिट्झ, टेलर आणि मॅकिनन यांनी २०१२ मध्ये दाखवलं. नवीन काम असेल तर पर्सेंटाइल घ्या आणि आवृत्तीचा क्रमांक प्रबंधात लिहा.

लावान वापरणारे इथे वेगळ्याच प्रकारे फसतात. := चिन्हाने अप्रत्यक्ष परिणाम नोंदवला आणि समरी मागितली की त्याच्यासमोर एक पी-व्हॅल्यू येते. ती डेल्टा पद्धतीची असते, म्हणजे साध्या मॉडेलात सोबेलच. प्रमाणित त्रुटीसाठी बूटस्ट्रॅप मागितला तरी समरीतला पी झेडवरूनच काढलेला असतो. पॅरामीटर एस्टिमेट्समधून पर्सेंटाइल प्रकारचा अंतराळ वेगळा मागवावा लागतो. जामोवीच्या मेडमॉड मॉड्यूलमध्येही बूटस्ट्रॅप आपण निवडावा लागतो. उलट प्रोसेसवाले विचारतात, “अप्रत्यक्ष परिणामाचा पी कुठे आहे?” तो तिथे नसतोच. अंतराळच लिहायचा. परीक्षकांनी सिग्निफिकन्सच्या तारका (*) मागितल्या म्हणून सोबेलचा पी आणून चिकटवू नका.

प्रत्येक वेळी आकडा बदलतो

बदलणारच. बूटस्ट्रॅप तुमच्याच डेटामधून चिठ्ठ्या परत टाकत टाकत हजारो नमुने उचलतो. सीड (नमुने उचलायची सुरुवात ठरवणारा आकडा) ठरवून द्या आणि तो लिहून ठेवा. सीड तोच असूनही आकडा बदलला तर फाइल मध्ये कुठे सॉर्ट केली होती का ते बघा. ओळींचा क्रम बदलला की उचललेले नमुनेही बदलतात. ५००० ऐवजी १०,००० किंवा २०,००० घेतले की हेलकावे कमी होतात.

खालची सीमा एकदा -०.००२ आणि एकदा ०.००१ येत असेल, तर आवडता सीड शोधत बसू नका. असा निकाल काठावरचा आहे, तसंच लिहा. आणि .०००० दिसत असेल तर दशांश स्थळं वाढवून बघा. मोजपट्टी मोठी असलेल्या चलांत परिणामाचा आकडा बारीक दिसतो, इतकंच.

चिन्ह उलटं आलंय

ताण वाढला की रुमिनेशन कमी होतं, असं आउटपुट म्हणतंय? सिद्धान्त बदलायच्या आधी मापनी काढा. पीएसएस-१० मध्ये ४, ५, ७ आणि ८ ही विधानं उलट गुणांकनाची आहेत. गोष्टी मनासारख्या घडत आहेत, सगळं आपल्या ताब्यात आहे, अशा अर्थाची. गूगल फॉर्मवरून एक्सेलमध्ये आलेला डेटा थेट बेरीज करून टाकला की ही चार विधानं बाकीच्या सहांशी भांडत बसतात. अल्फा (मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) काढा. तो दरिद्री आला आणि ‘हे विधान वगळल्यास अल्फा’ या रकान्यात हीच चार नावं वर आली, तर चोर सापडला.

पीएसक्यूआयची गंमत वेगळी. त्यात जास्त गुण म्हणजे वाईट झोप. चलाचं नाव ‘स्लीप क्वालिटी’ ठेवलं की महिनाभराने तुम्हीच फसता: बी धन आहे, म्हणजे विचार घोळल्याने झोप सुधारते की काय! फाइलमध्येच नाव ‘झोपेचा त्रास’ अशा अर्थाचं द्या.

याच फेरीत ९९ शोधा. उत्तर न दिलेल्यांसाठी ९९ टाकलेला असतो आणि एसपीएसएसला तो मिसिंग आहे हे सांगायचं राहून जातं. फ्रीक्वेन्सी टेबलमध्ये कमाल किंमत बघायला अर्धं मिनिट लागतं.

प्रोसेस चालतच नाही

लॅबच्या संगणकावर ॲडमिनचा पासवर्ड नसतो, त्यामुळे मेनूमध्ये प्रोसेस बसवता येत नाही. मग सिंटॅक्सची फाइल उघडा, पूर्ण निवडा, रन करा. आउटपुटमध्ये निकाल वगैरे काही येणार नाही, घाबरू नका; मॅक्रो फक्त मेमरीत गेला आहे. आता त्याच बैठकीत आपली आज्ञा दुसऱ्या सिंटॅक्स विंडोत लिहा. एसपीएसएस बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. चलांची नावं आठ अक्षरांच्या आत ठेवा. तीन गटांचा एक्स असेल (कला, वाणिज्य, विज्ञान) तर तो बहुवर्गीय आहे असं सांगावं लागतं, नाहीतर १-२-३ हे आकडे खरेच धरले जातात. आणि एम ‘हो/नाही’ असेल तर प्रोसेस त्यासाठी नाहीच, दुसरं साधन घ्या.

‘फुल’ की ‘पार्शल’?

सी प्राइम सिग्निफिकंट राहिला नाही म्हणून ‘फुल मेडिएशन सापडलं’ असं मोठ्या आनंदाने लिहिलं जातं, जणू पेढेच वाटायचेत. पण सी प्राइम नॉन-सिग्निफिकंट होण्याचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नमुना लहान ठेवणं. ऐंशी जणांत ‘फुल’, तोच परिणाम आठशे जणांत ‘पार्शल’. जितका अभ्यास कमकुवत तितका निष्कर्ष जोरदार, असा हा उफराटा न्याय आहे. रकर, प्रीचर, टोर्माला आणि पेटी यांनी २०११ मध्ये याच कारणासाठी ही लेबलं सोडा असं सुचवलं. ए × बी आणि सी प्राइम, दोन्ही अंतराळांसकट द्या. लेबल परीक्षकांनी आग्रह धरला तरच.

परिणामाचा आकार म्हणून जुन्या प्रबंधांत कापा-स्क्वेअर्ड दिसेल. त्याचा पाया चुकलेला असल्याचं वेन आणि फॅन यांनी २०१५ मध्ये दाखवलं, तेव्हा ते उचलू नका.

इथून पुढचं सॉफ्टवेअरच्या हातात नाही

वरची सगळी दुरुस्ती झाली, बेरीज जुळली, अंतराळ शून्यापासून लांब आला. आता एक प्रयोग करा: एम आणि वाय यांची अदलाबदल करून तेच मॉडेल चालवा. ताणामुळे झोप बिघडते आणि झोप बिघडल्यामुळे रात्रभर विचार घोळतात. बहुतेक वेळा हाही सिग्निफिकंट येतो. तीन चल एकमेकांशी जोडलेले असले की बाण कुठल्याही दिशेने काढा, गुणाकार शून्यापासून दूरच जाणार. काही जण दोन्ही मॉडेल चालवून ज्याचा ए × बी मोठा त्याला बरोबर ठरवतात. ही तुलना काहीच ठरवत नाही, असं फेलिक्स थोमेस यांनी २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. दिशा सिद्धान्ताने आणि अभ्यासाच्या आराखड्याने ठरते.

एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांतून काळात घडणाऱ्या मध्यस्थीचा अंदाज किती वाकडा येऊ शकतो, ते मॅक्सवेल आणि कोल यांनी २००७ मध्ये दाखवलं. वाकडेपणाची दिशाही सांगता येत नाही. कधी आकडा फुगतो, कधी दबतो.

“पण माझा तर प्रयोग आहे, मी गट रॅंडम पाडलेत,” असं म्हणणारे सुटतात का? अर्धेच. रॅंडम वाटणीने ‘ए’ शुद्ध होतो आणि ‘सी’ शुद्ध होतो. ‘बी’ नाही. कोण किती विचार घोळवतो हे तुम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नसतं. मुळातच चिंताळू स्वभावाची मुलगी जास्त विचारही करते आणि कमीही झोपते. तिथे रुमिनेशनने काहीही न करता बी धन येईल. तेव्हा चिंता किंवा न्यूरोटिसिझम यांसारखे, रुमिनेशनच्या आधीचे चल मोजलेले असतील तर ते दोन्ही रिग्रेशनमध्ये सहचल म्हणून घाला. पण रुमिनेशनमुळे बदलणारी गोष्ट, उदाहरणार्थ दुसऱ्या दिवशीचा थकवा, सहचल म्हणून घालू नका. मग तुम्हाला मोजायचा असलेला परिणामच कापला जातो.

न मोजलेल्या चलांचं काय? इमाई, कील आणि टिंगली यांनी २०१० मध्ये यासाठी संवेदनशीलता विश्लेषण मांडलं आणि आरमध्ये त्याचं पॅकेज आहे. ते असं विचारतं: एम आणि वाय यांच्या उरलेल्या त्रुटींमध्ये किती सहसंबंध (ऱ्हो) असला तर तुमचा अप्रत्यक्ष परिणाम शून्यावर येईल? उत्तर ०.१ आलं तर निकाल हलक्याशा धक्क्याने पडणारा आहे, ०.४ आलं तर जरा बूड आहे. एका ओळीत हा आकडा दिलात तर परीक्षकांचा पुढचा प्रश्न तिथेच संपतो.

मापनीची विश्वसनीयताही इथेच येते. एममध्ये मापनाची त्रुटी जास्त असली की साध्या मॉडेलात बी दबतो आणि त्याचा वाटा सी प्राइमच्या खात्यात जमा होतो. सहा-सात विधानांची, ०.६५ अल्फाची मध्यस्थ मापनी घेऊन ‘थेट परिणामच प्रबळ आहे’ असं लिहिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. विधानं हाताशी असतील तर एम सुप्त चल (विधानांमागचा, थेट न दिसणारा चल) म्हणून स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलमध्ये घ्या.

डेटा आधीच गोळा झाला असेल तर यापलीकडे भाषा सांभाळणं एवढंच हातात उरतं: ‘परिणाम करते’च्या जागी ‘गृहीत मॉडेलशी सुसंगत आहे’. डेटा अजून घ्यायचा असेल तर मात्र एक गोष्ट आजच बघा. वेळेचा क्रम साधावा म्हणून बरेच जण सोमवारी ताण, पुढच्या सोमवारी रुमिनेशन, त्याच्या पुढच्या सोमवारी झोप असं भरून घेतात. कागदावर हे तीन टप्पे झाले. पण पीएसएस-१० मध्ये प्रत्येक विधान ‘गेल्या महिन्यात’ असं विचारतं आणि पीएसक्यूआयही गेल्या महिनाभराची झोप विचारते. दोन आठवड्यांच्या अंतराने भरले तरी दोन्ही प्रश्नावल्या बऱ्याच अंशी त्याच दिवसांबद्दल बोलत असतात. पीएसक्यूआय रुमिनेशनच्या मोजणीनंतर महिन्याहून जास्त अंतराने ठेवा, आणि पहिल्या फेरीतही झोप एकदा मोजून ठेवा, म्हणजे आधीची झोप नियंत्रित करता येईल. महिन्याभरात मुलं गळतात, विशेषतः मध्ये परीक्षा किंवा दिवाळीची सुट्टी आली की. म्हणून मध्यम परिणामाला (०.३९) पर्सेंटाइल बूटस्ट्रॅपसाठी फ्रिट्झ-मॅकिनन यांच्या तक्त्यात ७८चा नमुना पुरतो असं वाचून ऐंशीच फॉर्म छापू नका. एवढा मोठा परिणाम गृहीत धरायला तुमच्याकडे आधार काय, हा प्रश्न आरआरसीच्या (विद्यापीठाच्या संशोधन समितीच्या) बैठकीत येईलच.